मग किती झाले?

प्रिय सखे,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. तुझी चिमणी पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, पण "पाच चमचे आण" म्हटलं की मूठभर घेऊन येते, म्हणून तू धास्तावली आहेस. अगं, इतकी वर्षं बालवाडीत शिकवतेय, अशी मुलं दर वर्षी भेटतात. त्यांचं काहीही अडलेलं नसतं.

आकडे म्हणणं हे गाणं पाठ होण्यासारखं असतं. मोजणं त्याहून पुष्कळ अवघड. एका वस्तूला एकच आकडा, एकही सुटायची नाही, कुठलीही दोनदा यायची नाही, आकड्यांचा क्रम मोडायचा नाही आणि शेवटी जो आकडा आला तेवढ्या वस्तू. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली हे नियम नीट उलगडून मांडले. त्यातला शेवटचा नियम मुलांना फार उशिरा उमगतो.

मागच्या वर्षी वर्गातल्या एका मुलापुढे मी पाच बटणं ओळीत ठेवली. एकेकावर बोट टेकवत त्याने पाचपर्यंत अगदी बरोबर मोजलं. मी विचारलं, "मग किती झाले?" त्याने बोट परत पहिल्या बटणावर नेलं आणि पुन्हा "एक, दोन..." सुरू. तीनदा विचारलं, तीनदा मोजलं. 'किती' म्हणजे 'मोज', एवढंच त्याला कळत होतं. काही महिन्यांनी खडू वाटताना तोच मध्येच थांबला आणि म्हणाला, "बाई, पाचच आहेत. एक कमी पडतोय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

मुलांना आधी 'एक' कळतो, मग 'दोन', मग 'तीन', आणि एकेका पायरीला महिने लागतात. तेव्हा पन्नासचा नाद सध्या सोड, पाचातच रम. एकोणतीसला अडखळते म्हणतेस, तर त्यात तिचा काय दोष? अठ्ठावीसनंतर ती नऊ शोधते, आणि आपली भाषा तिथे तीसला एक उणे सांगते!

चमच्यांचं असं कर. "पाच आण" म्हणू नकोस, "प्रत्येकाला एक एक ठेव" म्हण. ठेवून झाले की विचार, "किती लागले?" खेळणी आवरताना मोजलेलं एका बाजूला सरकवायला शिकव. एवढ्यानेच बऱ्याच चुका जातात, कारण लहान मुलाला काय मोजलं नि काय राहिलं हे डोक्यात धरता येत नाही. ती चुकली तर "चूक" म्हणू नकोस, तिच्या शेजारी बसून तू सावकाश मोज.

आणि एक पट आखून दे. सरळ ओळीत दहा घरं, त्यांत एक ते दहा आकडे, फाशावर फक्त एक आणि दोन. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली अमेरिकेत असाच पट लहान मुलांना खेळायला दिला होता. दोन आठवड्यांत चारच बैठका, प्रत्येक पाव तासाच्या आसपास, तरी मुलांची आकड्यांची समज स्पष्ट वाढली. तसाच पण नुसत्या रंगांचा पट खेळलेल्यांची वाढली नाही. खेळताना एक मात्र सांभाळ. सोंगटी चारवर असताना दोन पडले तर चिमणी "एक, दोन" म्हणत सरकेल. तिला "पाच, सहा" म्हणायला लाव. सगळी गंमत त्यातच आहे.

रोज दहा मिनिटं पुरे. कंटाळली की थांब, वही-पेन्सिल तर काढूच नकोस.

एक खेळ मात्र आजच कर. तिच्या बाहुलीला मोजायला बसव आणि मुद्दाम एक वस्तू दोनदा मोजायला लाव. चिमणीने बाहुलीची चूक पकडली की त्याच दिवशी मला कळव.

तुझीच,
मैत्रीण