मनू, मुंबई सगळी बघ, फक्त तिथी बघून

प्रिय मनू,

शनिवारी बोलणं अर्ध्यावरच राहिलं, तू फोन ठेवलास आणि मीपण परत लावला नाही. म्हणून आज हे लांबलचक टाईप करतोय, ऑफिसमध्ये नको, रात्री हॉस्टेलवर जेवण झालं की निवांत वाच. भांडायला लिहीत नाहीये. तू म्हणालीस ना, पप्पा ऑफिस आणि हॉस्टेल सोडून मी अजून काहीच बघितलं नाही, पहिल्यांदा मरीन ड्राईव्हला गेले तर तुम्ही ओरडलात, ते मला लागलं. तर मुंबईत काय काय बघायचं तेवढं सांगतो, पाण्याचा विषय काढणार नाही.

पण तो फोटो बेटा. तुझ्या मागे कठड्यावरून पाणी आत आलेलं, फूटपाथ सगळा ओला, आणि तुझी ती मैत्रीण सिमेंटच्या चारपायी दगडांकडे पाय सोडून बसलेली. त्या दगडांवर शेवाळ असतं, पाय ठरत नाही. आणि आषाढी अमावस्या होती त्या दिवशी, दुपारचे बारा! काळाचौकीला मामांच्या चाळीत एक कोळीण मासे घेऊन यायची, तिने मला हिशोब शिकवला होता, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या पौर्णिमेला साडेअकरा बारा, दिवसाही आणि रात्रीही, थोडं इकडेतिकडे. मोठी भरतीपण अमावस्या पौर्णिमेच्या आसपासच येते, त्यात पावसाळ्याचा वारा असला की लाट सरळ कठडा ओलांडते. तू गेल्यापासून मी रोज सकाळी कालनिर्णय बघतो ते यासाठीच, मम्मीला वाटतं मी चतुर्थी कधी आहे ते बघतो.

असो. राजाबाई टॉवर बघ, सगळ्यात आधी तोच, फोर्टला युनिव्हर्सिटीत आहे. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसा दिला, 1878 ला बांधून झाला. तो पैसा कापसाचा होता. अमेरिकेत 1861 ते 1865 लढाई चालली, तिकडचा कापूस बंद झाला, मग इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला आणि मुंबईत नुसता पैसा आला. खान्देशचाही कापूस त्यात होता, आपल्यासारख्यांच्याच शेतातला. त्या टॉवरखाली उभी राहशील तेव्हा मान ताठ ठेवून उभी राहा, उपरी म्हणून नको. कॉटन ग्रीनला उतरून कापूस बाजाराची जुनी हिरवी इमारतपण बघून ये. मी मामांसोबत तिथे जायचो, गाठी उतरवताना बघायचो, हवेत कापूस उडायचा आणि मामांच्या मिशीवर बसायचा, ते पुसायचेच नाहीत. लोअर परळला तुझं ऑफिस आहे ना, त्या सगळ्या भागात कापड गिरण्यांचे भोंगे वाजायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर मामांच्या गिरणीचा भोंगा मी ऐकला नाही. मामी शेवटपर्यंत त्या वेळेला उठायची, तुला माहीतच आहे. आणि आज तिथे आपली पोरगी काचेच्या बिल्डिंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसते. मी हे बाजार समितीत, सलूनमध्ये सगळ्यांना सांगतो, तुला आवडत नाही तरी सांगतो.

भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियम बघ, 1872 पासून आहे, बुधवारी बंद असतं. जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, पगड्या, लुगडी, सगळं बारीक केलेलं, एकेका मूर्तीपुढे थांबावंसं वाटतं. घारापुरीचा तो मोठा दगडी हत्तीही तिथेच शेजारी आणून ठेवलाय. स्वतः घारापुरीला मात्र आत्ता नको. नवरात्रानंतर जा, सोमवार सोडून, गेटवेवरून लाँचने तासभर लागतो. अजिंठा तू शाळेच्या सहलीत बघितला आहेस, आता ती त्रिमूर्ती बघ, वीसेक फूट उंच आहे, मधला चेहरा डोळे मिटून बसलेला, त्याच्यापुढे बोलावंसं वाटत नाही. लाँचमध्ये लाईफ जॅकेट घाल, कोणी हसलं तरी घाल. डिसेंबर 2024 मध्ये तिकडे जाणाऱ्या लाँचला नेव्हीची स्पीडबोट धडकली होती, किती माणसं गेली. बघ, आलो परत पाण्यावर.

माझ्या डोक्यात काय येतं ते सांगतो. मुंबई म्हणजे सात बेटं, मधल्या खाड्या बुजवून एक केलेली. हॉर्नबी नावाच्या इंग्रज गव्हर्नरने अठराव्या शतकात वरळीकडचा बांध घातला तेव्हा कुठे भरतीचं पाणी आत यायचं थांबलं. पण ती बुजवलेली जमीन अजूनही सखलच आहे, म्हणून दादर परळला मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला एका दिवसात, आपल्या अमळनेरला अख्ख्या पावसाळ्यात एवढा होत नाही. अशा दिवशी निघायचं नाही, ऑफिसमध्येच थांबायचं, मॅनेजर काय म्हणतो ते नंतर बघू. गुडघाभर पाण्यात चालायचंच नाही, खाली गटाराचं झाकण उघडं असलं तर कळत नाही. नानाला पण पाणी गुडघ्याएवढंच वाटलं होतं. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लेक्चर झालं ना, सॉरी बेटा. तू घाबरून राहावं असं मला अजिबात वाटत नाही. मी पहिल्यांदा समुद्र बघितला तो गिरगाव चौपाटीला, तापीचा पूर बघितलेला माणूस मी, तरी पलीकडचा काठच दिसेना म्हणून तोंड उघडं ठेवून उभा राहिलो होतो. मामांनी भेळ घेऊन दिली, ती तशीच हातात राहिली. ते तुलाही मिळावं. थंडीत शिवडीला जा, ओहोटीला चिखलात फ्लेमिंगो उतरतात, लांबून सगळा गुलाबी पट्टा दिसतो. वाळकेश्वरला बाणगंगा बघ, समुद्र एवढा जवळ आणि कुंडाचं पाणी गोडं.

आजी शेजारी बसलीय, ती म्हणते, "पोरले सांग, पानीजोडे जाऊ नको म्हना." बिबडे आणि कळण्याचं पीठ खान्देश एक्स्प्रेसने येणाऱ्या वाण्याच्या पोराकडे दिलंय, त्याला फोन करून घे.

येत्या रविवारी अष्टमी आहे. भरती सहाला, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी, आणि अष्टमीची भरतीही लहान असते. हाजी अलीला जायचं तर तेव्हाच जा, रस्ता उघडा असतो, तीनच्या आत बाहेर ये. आणि फोटो पाठव, मी ओरडणार नाही.

तुझा पप्पा