चार किलोच्या बाळाचे कौतुक आणि साखरेची तपासणी

महोदय,

‘बाळ चांगले ४ किलोचे झाले’ हे वाक्य आपल्याकडे पेढ्यांबरोबर अभिमानाने सांगितले जाते. परंतु जन्मतःच इतके वजन भरणे हे अनेकदा आईच्या रक्तातील वाढलेल्या, न ओळखल्या गेलेल्या साखरेचे लक्षण असते. ही जादा साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, बाळाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते आणि त्याच्या खांद्यांवर व पोटावर चरबी चढते. त्यामुळे प्रसूतीत डोके बाहेर आल्यावर खांदे अडकण्याचा धोका उद्भवतो, आणि नाळ कापल्यावर बाळाची साखर झपाट्याने उतरू शकते. अशा बाळाच्या टाचेतून पहिल्या काही तासांत पुन्हा पुन्हा रक्ताचा थेंब का घेतात, हे नातेवाइकांना क्वचितच समजावले जाते.

आईचा स्थूलपणा, आधीचे मोठे बाळ, उलटून गेलेली तारीख हीही कारणे आहेतच. गरोदरपणात बेसुमार वाढणाऱ्या वजनाला मात्र ‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ हा घरचाच आग्रह हातभार लावतो.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची रक्तचाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान व्हायला हवी. त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नाही. पहिली चाचणी निर्दोष आली म्हणून दुसरी टाळली जाऊ नये, यासाठी तिची तारीख गरोदर मातेच्या कार्डावर ठळकपणे लिहून देण्याची पद्धत आरोग्य विभागाने सर्वत्र पाडावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा