पोनी 'लोन'वर घेताय? आधी कागद करा

संपादक महोदय,

माथेरानला दहा मिनिटं घोड्यावर बसलेल्या माझ्या मुलींनी इथे इंग्लंडला आल्यावर पोनीचा (म्हणजे ठेंगण्या घोड्याचा) हट्टच धरला, विकत घेणं काही परवडणारं नव्हतं, मग कळलं की इथे पोनी लोनवर मिळतो, म्हणजे मालकी मूळ मालकाचीच, खर्च नि देखभाल आपली. मुलं उंच झाली की लोक लाडका पोनी विकण्यापेक्षा असा देतात.

आम्ही तोंडी बोलून शेटलंड जातीचा एक बुटका पोनी आणला आणि तिथेच फसलो. वसंतातलं हिरवंगार गवत, म्हटलं खाऊ दे बिचाऱ्याला, तर काही दिवसांत तो पुढचे पाय ताणून मागे रेलून उभा, खुराला हात लावला तर गरम. लॅमिनायटिस! म्हणजे असं गवत फार खाल्लं की खुराच्या आत येणारी दुखरी सूज. व्हेटचं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचं, बिल कोणी भरायचं यावरून मालकीणबाईंशी चांगलंच वाजलं, कागद काहीच नव्हता ना.

तेव्हा इथल्या आपल्या लोकांनो, करार लेखीच करा. व्हेट, इन्शुरन्स, दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापणं, परत देताना किती दिवसांची नोटीस, सगळं लिहा. ब्रिटिश हॉर्स सोसायटी या घोड्यांसाठीच्या संस्थेकडे कराराचा नमुना मिळतो. पोनीचा पासपोर्ट (हो, पासपोर्टच! म्हणजे त्याचं ओळखपत्र) कायद्याने त्याच्यासोबत लागतो, मायक्रोचिपही इंग्लंडात २०२० पासून सगळ्या घोड्यांना सक्तीची आहे.

आमचा आता बरा आहे. गवत कमी खावं म्हणून गवतावर सोडताना तोंडाला मुसकं बांधतो, आजोबा मळणीच्या वेळी बैलांना बांधायचे अगदी तसंच.

- एक वाचक, इंग्लंड