दुपारची वीज टाकीत भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातला हरित हायड्रोजनवरचा (सौर-पवन विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवरचा) लेख वाचला. त्यात जाता जाता एक वाक्य आले होते: भर दुपारी विजेला गिऱ्हाईक नसते, म्हणून सौर प्रकल्पांना हात आखडावा लागतो. मी तिथेच अडलो. हा प्रकार मी 33 वर्षे बॉयलर हाऊसमध्ये पाहिला आहे, फक्त विजेच्या जागी वाफ.

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या एका डाईंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, मी बॉयलर अटेंडंट होतो. एक वाजता जेवणाची सुट्टी झाली की मशिनी खटकन थांबायच्या. कोळशाची भट्टी अशी थांबत नाही. काटा चढायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह उडायचा आणि अख्ख्या गल्लीला कळायचे, डाईंगवाले जेवायला बसले! शेवटी आमच्या जुन्या फोरमनने एक पाइप ओढला आणि व्हॉल्व्ह उडायच्या आत ती वाफ फीडटाकीत, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत, सोडायला लावली. टाकीतले पाणी 30 अंशांवरून 80 वर जायचे. पाणी 6 अंश जास्त तापले की कोळसा एक टक्का वाचतो, हा आमच्या धंद्यातला हिशेब. दुसऱ्या पाळीला फावडे कमी मारावे लागे.

माझी लेक बर्लिनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिथले रॉयटर वेस्ट वीज केंद्र बाहेरून पाहिले (जावई म्हणाले, बाबा, बर्लिनला येऊन कोणी चिमण्या बघतं का!). तिथे 2019 साली 120 मेगावॉटचे विजेवर चालणारे बॉयलर बसवले. वारा सुटून वीज उतू जाऊ लागली की ते चालवतात आणि गरम पाणी नळांनी शहरातल्या घरांत खेळवतात. या बॉयलरात कॉइल नसते, वीज थेट पाण्यातून जाते. होस्टेलची पोरे दोन ब्लेडना वायरी बांधून चहाचे पाणी उकळतात ना, तीच युक्ती. (घरी करू नये.) जर्मनीत 2024 मध्ये 457 तास विजेचा घाऊक दर शून्याखाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळत; उगाच नाही केली त्यांनी ही उठाठेव.

तिथेच वेर्लटे गावी 2013 पासून विजेने हायड्रोजन काढून, त्यात बायोगॅस प्रकल्पातला कार्बन डायऑक्साइड मिसळून मिथेन करण्याचा कारखाना निघाला. आपल्याकडे सुरतजवळ कवासला 2023 पासून घरगुती गॅसच्या पाइपात थोडा हायड्रोजन मिसळतात. कौतुक आहेच. पण किलोभर हायड्रोजनला 50-55 युनिट खर्ची पडतात आणि हाती लागते 33 युनिटांची उष्णता. मिथेन केला की आणखी तूट. जर्मनांचा हिवाळा अंधारा, त्यांना उन्हाळ्यातली वीज महिनोन्महिने ठेवायची आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ऊन गेले तर साताऱ्याकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या जोरात असतात. आपली अडचण दुपार ते रात्र एवढीच. हायड्रोजन थळच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी जावा, तिथे अमोनियासाठी तो लागतोच. तो जाळून वाफ करणे म्हणजे तुपाने शेगडी पेटवणे.

त्यापेक्षा दुपारची वीज बर्लिनसारख्या विजेच्या बॉयलरात घालून गरम पाणीच टाकीत साठवावे. डाईंगला मुख्यतः 90 अंशांचे पाणी लागते. टनभर पाणी 30 वरून 90 वर न्यायला 70 युनिट. ग्लासवूल गुंडाळलेल्या 50 टनांच्या टाकीत साडेतीन हजार युनिट मावतात. लोखंड, ग्लासवूल आणि पाणी, बस.

अडते ते दरात. टनभर वाफेला सुमारे 730 युनिट किंवा 200 किलो कोळसा. कोळसा 8 रुपये किलो धरा, 1600 रुपये झाले. म्हणजे वीज सव्वादोन रुपयांच्या आत पडली तरच मालक ऐकेल. वीज बाजारात दुपारचा दर कधीकधी त्याही खाली येतो, पण वहन आकार आणि अधिभार चढत चढत कारखान्याच्या दारात येईपर्यंत त्याचा पार निकाल लागतो. उद्योगांना दुपारची सवलत मिळते, ती याला पुरत नाही.

वीज नियामक आयोगाला माझी सूचना एवढीच आहे: अशा बॉयलरसाठी वेगळा मीटर आणि वेगळा दर द्या, पण पुरवठा हक्काचा नको. राज्यातल्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्राने वाटेल तेव्हा चालू करावा, वाटेल तेव्हा तोडावा. कोळशाचा बॉयलर शेजारी उभा आहेच. पुढच्या जाहीर सुनावणीला मी स्वखर्चाने येईन. त्या फीडटाकीच्या तापमानाच्या नोंदी माझ्या जुन्या वहीत अजून आहेत, त्या दाखवतो.

– एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, सोलापूर