तेरीज जुळली म्हणून उदाहरण सुटले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेखाकर्माच्या सुरुवातीच्या वर्गात उदाहरण शेवटच्या बेरजेवरून जोखले जाते. तेरीज पत्रकाच्या, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांच्या यादीच्या, दोन्ही बाजू जुळल्या की वही मिटते. नाही जुळल्या तर फरक निलंबन खात्यात, म्हणजे चूक सापडेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, ढकलून वही मिटते. शिकायचे ते दोन्ही वेळा राहून जाते.

तेरीज पत्रकातला फरक पुष्कळ काही सांगत असतो. आधी बेरजा खालून वर पुन्हा करून पाहाव्यात. फरक कायम राहिला तर त्याच्या निम्मी रक्कम शोधावी. फरक १,७०० असेल, तर ८५० ची एखादी रक्कम नावे बाजूऐवजी जमा बाजूला गेली असण्याचा संभव असतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर अंकांची उलटापालट तपासावी. ५,६३० चे ५,३६० झाले की फरक २७०, भागाकार ३०. त्यातला ३ म्हणजे ६ आणि ३ या अंकांतले अंतर, आणि ते दशकाच्या घरात पडते म्हणून अदलाबदल शतक-दशक स्थानांत. ४५० ऐवजी ४५ खतावले तरी फरक ४०५, पुन्हा ९ च्या पटीतच. हा पुरावा नव्हे, पण शंभर नोंदी चाळण्यापेक्षा बरा.

खरी गोची जुळलेल्या तेरजेत असते. यंत्राच्या दुरुस्तीचे ४,००० यंत्र खात्याला नावे टाकले तर तेरीज बिनतक्रार जुळते. दुरुस्ती हा खर्च, म्हणून चूक सुधारताना मुले दुरुस्ती खाते नावे, यंत्र खाते जमा अशी नोंद करतात आणि नफा ४,००० ने फुगला होता असे लिहून मोकळी होतात. पण त्या ४,००० वर १० टक्क्यांनी वर्षभराचा घसाराही (वापराने होणारी किमतीतली घट, जी खर्चात धरतात) लागला असेल तर ४०० जादा वजा झालेले असतात. नफा फुगला तो ३,६०० नेच. या चुकीत निलंबन खात्याचा संबंधच नाही, तरी अनेक वह्यांत ते येतेच! ते फक्त एकतर्फी चुकीत येते. विक्री पुस्तकाची बेरीज ३०० ने कमी धरली, तर ग्राहकांची खाती बरोबरच असतात, एकटे विक्री खाते कमी पडते. म्हणून निलंबन खाते नावे ३००, विक्री खाते जमा ३००.

समायोजनांचा, म्हणजे तेरजेखाली सूचनांत दिलेल्या वर्षअखेरच्या फेरफारांचा, घोळ वेगळा. तेरजेबाहेर दिलेल्या बाबीचा परिणाम दोन ठिकाणी, तेरजेतल्याचा एकाच. पगार २२,००० तेरजेत आणि अदत्त (द्यायचा राहिलेला) पगार २,००० खाली सूचनेत असेल, तर नफा-तोटा खात्यात २४,००० आणि ताळेबंदात देयतेकडे २,०००. तोच अदत्त पगार तेरजेत छापला असेल तर पगाराच्या रकमेत तो आधीच धरलेला असतो. तो फक्त ताळेबंदात न्यायचा. उदाहरण सोडवायला घेण्याआधी सूचनांपुढे पेन्सिलीने ‘दोन’ लिहून ठेवावे आणि एकेक परिणाम दिला की खूण करावी. ताळेबंद जुळला नाही तर खूण नसलेली सूचना आधी पाहावी.

घसाऱ्यात तारीख वाचायची राहते. १,००,००० चे यंत्र वर्षाच्या मध्यावर घेतले तर १० टक्क्यांनी पहिला घसारा ५,०००, १०,००० नव्हे.

सरावपुस्तकांच्या उत्तरसूचीत नुसता निव्वळ नफा आणि ताळेबंदाची बेरीज छापतात. शेजारी घसारा, अदत्त खर्च आणि बुडीत कर्जाची तरतूद हे तीन आकडे दिले, तर विद्यार्थ्याला आपण कुठल्या पायरीवर घसरलो ते शिक्षकांना न विचारता शोधता येईल. प्रकाशकांनी एवढे करावे.

आपला,
एक वाणिज्य शिक्षक