खुर्चीला कवच ठीक आहे, माणसाला जन्मभराचं नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १ जुलै २०२४ ला राष्ट्राध्यक्षांच्या इम्युनिटीबद्दल, म्हणजे खटल्यापासूनच्या संरक्षणाबद्दल, निकाल दिला त्यावर आपल्याकडे दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला, कारण बहुतेकांना वाटलं की हे ट्रम्प आणि त्यांच्या विरोधकांचं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं. मला तसं वाटत नाही. आपल्या देशात १९७५ मध्ये हेच जवळजवळ होऊन गेलं होतं आणि आज चाळिशीच्या आतल्या कुणाला विचारलं तर हे माहीतही नसतं, म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी निकाल काय ते सांगतो. २०२० ची निवडणूक हरल्यावर ट्रम्प यांनी निकाल उलटवायचा प्रयत्न केला असा आरोप ठेवून ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यावर फौजदारी खटला दाखल झाला होता. त्यात कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की घटनेने राष्ट्राध्यक्षाला एकट्याला दिलेले जे मुख्य अधिकार आहेत ते वापरताना त्याने काहीही केलं तरी खटला नाही, अगदी पद सोडल्यावरसुद्धा नाही. बाकीच्या सरकारी कामांबाबत खटला चालणार नाही असं आधी गृहीत धरायचं, सरकारी वकिलाला ते खोडून काढता आलं तर बघू. फक्त खाजगी कामाला संरक्षण नाही. इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की ठीकच आहे की, पण खरी मेख पुढे आहे. एखादं काम सरकारी की खाजगी हे ठरवताना त्यामागचा हेतू काय होता हे कोर्टाने बघायचंच नाही असंही त्यात म्हटलंय. म्हणजे सही केली का एवढंच बघायचं, का केली हे विचारायचं नाही. सूड म्हणून केली असेल, स्वतःची चौकशी थांबवायला केली असेल, तरी ते विचारायचं नाही. न्या. सोनिया सोटोमायर यांनी विरोधी निकालपत्रात विचारलं की राष्ट्राध्यक्षाने लष्कराच्या कमांडोंना आपल्या विरोधकाला मारायचा हुकूम दिला तर काय, आणि त्याचं उत्तर त्यांनीच दिलं की त्यालाही संरक्षण मिळेल. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ही भीती अवास्तव आहे असं लिहिलं पण त्यांच्याच निकालात अशा माणसाला नक्की कुठे अडवायचं ते मला तरी सापडलं नाही.

आणि महाभियोगाचा मार्ग आहे ना, असं म्हणणाऱ्यांसाठी. ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग आला, सिनेटमध्ये ५७ जण दोषी म्हणाले, ४३ नाही म्हणाले, ६७ लागत होते, सुटले. त्यांच्याच पक्षाचे नेते मॅककॉनेल यांनी निर्दोष म्हणून मत दिलं आणि लगेच भाषणात सांगितलं की देशात फौजदारी कोर्टं आहेत, माजी राष्ट्राध्यक्षाला काही इम्युनिटी नाही. मग प्रकरण कोर्टात गेलं तर कोर्ट म्हणालं इम्युनिटी आहे! सिनेटने कोर्टाकडे बोट दाखवलं, कोर्टाने हात वर केले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आल्यावर तो खटलाच काढून घेतला गेला. दोन्ही दारं बंद.

आता हे आपल्याशी कसं जोडलेलं आहे ते. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, २५ जूनला आणीबाणी लागली हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कमी लोकांना माहीत आहे. सुप्रीम कोर्टात ११ ऑगस्टला सुनावणी होती आणि १० ऑगस्टला ३९ वी घटनादुरुस्ती अंमलात आली, पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर! त्याच आठवड्यात राज्यसभेने अजून एक विधेयक मंजूर केलं, ४१ व्या दुरुस्तीचं. त्यात असं होतं की जो माणूस राष्ट्रपती, पंतप्रधान किंवा राज्यपाल आहे किंवा कधीकाळी होता त्याच्यावर पदावर असताना केलेल्या आणि पदावर येण्याआधी केलेल्या कुठल्याही कृत्याबद्दल जन्मात कधी फौजदारी कारवाई करता येणार नाही. आधी केलेल्या सुद्धा! एक दिवस पंतप्रधान झालात की मागचं पुढचं सगळं माफ. लोकसभेत ते विधेयक कधी आलंच नाही म्हणून आपण वाचलो, आणि ३९ व्या दुरुस्तीतला तो भाग सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर १९७५ ला रद्द केला, तेही आणीबाणी चालू असताना.

त्या काळात आमच्या गल्लीतले एक मास्तर मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या जेलमध्ये होते. पहाटे पोलीस आले तेव्हा काकूंनी कारण विचारलं तर त्यांच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला, त्यावर नाव, कायद्याचं कलम, खाली सही आणि शिक्का, बस. कारण लिहिलेलं नव्हतं कारण कायदाच तसा बदलला होता की स्थानबद्धतेची कारणं सांगायची गरज नाही. तो कागद काकूंनी कितीतरी वर्षं रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवला होता, मी लहान होतो पण तो पाहिलेला आठवतो. अमेरिकेच्या निकालातलं हेतू विचारायचा नाही हे वाक्य वाचलं तेव्हा मला तोच कागद दिसला.

राज्यकर्त्याला ‘का?’ असं विचारणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथराव पेशवे झाले, आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी गारद्यांना पैसे कुणी दिले, धरण्याचा हुकूम होता की मारण्याचा, हे सगळं शोधून राज्य करणाऱ्या माणसाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. तेच रघुनाथराव आपल्या नाशिकजवळ राहिलेले, गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीत त्यांचा वाडा होता, रोज तिथून आपली वाहनं जातात. पण या गोष्टीत आपण नेहमी रामशास्त्रींपाशी थांबतो. शास्त्री निकाल सांगून पुणं सोडून गेले, त्याने रघुनाथराव काही खाली उतरले नाहीत. उतरवलं ते नाना फडणीस, सखारामबापू या बारभाईंनी, सगळ्यांनी मिळून. एकटा न्यायाधीश कितीही करारी असला तरी त्याचा निकाल अंमलात आणायला आजूबाजूला माणसं आणि संस्था उभ्या राहाव्या लागतात.

दक्षिण कोरियात हेच दिसलं. तिथल्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला पदावर असेपर्यंत फौजदारी संरक्षण आहे पण बंड आणि देशद्रोहाचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. राष्ट्राध्यक्ष यून यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत गेले आणि काही तासांत मतदान करून तो उठवायला लावला, जानेवारीत पदावर असतानाच त्यांना अटक झाली आणि ४ एप्रिल २०२५ ला तिथल्या घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने त्यांना पदावरून काढलं.

आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत, त्यांचं म्हणणं असं की नेत्याच्या डोक्यावर खटल्याची टांगती तलवार ठेवली तर तो निर्णयच घेणार नाही आणि नवीन सरकार आलं की जुन्याला आत टाकेल. हा मुद्दा मी उडवून लावत नाही, रॉबर्ट्स यांचाही हाच मुद्दा आहे आणि सूडाचे खटले जगात होतात. पण १७८९ पासून २०२४ पर्यंत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हे कवच नसताना युद्धं लढले, मोठमोठे निर्णय घेतले, कुणाचे हात थरथरले? आणि कवच आधीपासून होतंच म्हणावं तर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना वॉटरगेट प्रकरणात राजीनामा दिलेल्या निक्सनना माफी कशाला द्यावी लागली आणि निक्सननी ती का घेतली? सूडाच्या खटल्यावर उपाय म्हणजे स्वतंत्र कोर्ट आणि पुराव्याची कडक तपासणी, खटलाच नको हा उपाय नाही.

आपल्या घटनेतलं कलम ३६१ मला म्हणूनच जास्त शहाणपणाचं वाटतं. राष्ट्रपती आणि राज्यपालांवर मुदत असेपर्यंत फौजदारी खटला नाही, अटक नाही. अधिकार वापरल्याबद्दल ते स्वतः कोर्टाला उत्तरदायी नाहीत पण तो निर्णय मात्र कोर्टात तपासता येतो, २००६ च्या बिहार विधानसभेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. आणि खरी सत्ता ज्यांच्या हातात असते त्या पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांना यातलं काहीच नाही. म्हणजे संरक्षण खुर्चीला आहे, माणूस खाली उतरला की तो तुमच्या-माझ्यासारखा. हे असंच राहिलं पाहिजे, उद्या कुठल्याही पक्षाने अमेरिकेचा दाखला देऊन यात बदल सुचवला तर आपण सगळ्यांनी आत्ताच नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

खालच्या पातळीवर बघितलं तर आपल्या नाशिक महापालिकेत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून स्थायी समितीच्या आणि महासभेच्या जागी बसून तो मंजूरही त्याच अधिकाऱ्याने करायचा, अशी ती व्यवस्था होती. मी कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाहीये. पण महासभेत उभं राहून हे का असं विचारणारं कुणी जवळजवळ चार वर्षं नव्हतं आणि आपण नाशिककरांनी त्याची सवय करून घेतली हे मला फार लागलंय. कुंभमेळ्याची कामं जोरात आहेत, आता नगरसेवक आहेत तर त्यांनी प्रत्येक प्रस्तावावर बोललं पाहिजे आणि तुम्ही ते छापलं पाहिजे.

शेवटी एक विनंती. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखाली सरकारी नोकरावर खटला भरायला कलम १९ प्रमाणे सरकारची किंवा वरिष्ठांची मंजुरी लागते, तो निर्णय तीन महिन्यांत आणि फार तर अजून एक महिना वाढवून घ्यावा असं कायद्यातच लिहिलंय. नाशिक परिक्षेत्रातली किती प्रकरणं अशा मंजुरीसाठी थांबली आहेत, कुठल्या खात्याकडे, किती दिवस, आणि मंजुरी नाकारली असेल तर कारण काय दिलं, हे माहितीच्या अधिकारात मागवून तुमच्या पेपरने दर तीन महिन्यांनी पहिल्या पानावर द्यावं. अर्ज लिहायला, खेटे घालायला माणूस हवा असेल तर मी तयार आहे, माझा नंबर तुमच्या ऑफिसात आहेच.

आपला,
एक जुना वाचक
गंगापूर रोड, नाशिक