हौसेच्या घड्याळाचा हिशेब

संपादक महोदय,

नामांकित घड्याळाची प्रतिकृती सुटे भाग जमवून स्वतः जोडण्याची हौस हल्ली बरीच वाढली आहे. तयार घड्याळापेक्षा हे स्वस्त पडते आणि विकताना पैसे सुटतात, असे तिचे समर्थनही कानी पडते. तीन घड्याळे जोडल्यानंतर माझे मत असे की, यातले पहिले विधान अर्धेच खरे आहे आणि दुसरे साफ खोटे.

सुरुवातीला बहुतेक जण सेइको (Seiko) या जपानी कंपनीचे एनएच३५ हे मशीन, म्हणजे घड्याळ चालवणारी आतली यंत्रणा, घेतात, कारण ते दणकट असून त्याचे भाग सहज मिळतात. परंतु त्याचे ठोके ताशी २१,६०० असल्यामुळे, मूळ घड्याळाचा सेकंदकाटा ताशी २८,८०० ठोक्यांनी अधिक सफाईने सरकत असेल तर नक्कल तिथेच उघडी पडते. मग मन ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४ च्या धर्तीच्या, ताशी २८,८०० ठोक्यांच्या मशीनकडे वळते. माझेही वळले, आणि आधीचे काटे त्यावर चालतील असे मी गृहीत धरले. तास आणि मिनिटकाटे बसले, सेकंदकाटा मात्र बसेना, कारण एनएच३५ साठीच्या काट्याचे भोक ०.२० मिलिमीटरचे असते आणि २८२४ ला ०.२५ चे लागते. जोर लावला तेव्हा काट्याची इवलीशी नळी चिरली. तबकडीही नवी घ्यावी लागली, कारण ती मशीनवर बसवणाऱ्या तिच्या मागच्या बारीक पायांच्या जागा दोन्ही मशीनांत वेगळ्या असतात. चावीचा दांडा थोडा जास्त कापला गेला, तोही वाया गेला. काटे बसवण्याचे साधन, रबरी कडी आणि पाणीरोधकतेची चाचणी हे खर्च तर सुट्या भागांच्या यादीत कुणीच धरत नाही.

विकायला निघाल्यावर यातले काहीच मोजले जात नाही. ज्या घड्याळाला खरा अनुक्रमांक नाही, हमीपत्र नाही आणि कंपनीचे सेवा केंद्र ज्याला हात लावणार नाही, त्याचे मागचे झाकण उघडून जाणकार घड्याळजी फार तर मशीनचे पैसे देऊ करतो. आत एखादी अस्सल तबकडी बसवली असली तरी भाव वाढत नाही. उलट तिच्याच अस्सलपणाबद्दल शंका घेतली जाते. शिवाय तबकडीवर दुसऱ्याचे नोंदणीकृत नाव असेल, तर 'ही नक्कल आहे' असे सांगून विकल्यानेही विक्रेता सुटत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदाविषयक कराराचे ६१ वे कलम व्यापारी प्रमाणावर जाणूनबुजून केलेल्या अशा नकलेसाठी फौजदारी शिक्षेची तरतूद सदस्य देशांवर बंधनकारक करते. एखादेच घड्याळ विकणारा त्या प्रमाणात बसेल की नाही हा वकिलांचा प्रश्न. पण खरेदीदाराला पैसे परत हवे असतील, तर त्याने कोणाकडे दाद मागावी?

माझ्या तिसऱ्या घड्याळाची तबकडी मी कोरी ठेवली. ते विकताना मजुरी सुटली नाही, पण काही लपवावेही लागले नाही. आपल्या छोट्या जाहिरातींत 'अस्सल भागांचे घड्याळ' असा मोघम मजकूर घेण्याऐवजी मशीन कोणते, तबकडी कोणाची आणि जोडणी कोणी केली, एवढे तरी जाहिरातदाराकडून लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक हौशी वाचक